माँटेसरी बालघर पहिल्याच वर्षी भरू नका

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. माँटेसरीचा डिप्लोमा करून तुम्ही सहा वर्षं पुण्यातल्या एका शाळेत काम केलंत आणि आता सांगली जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी, सासरी राहायला आलात. घराच्या तळमजल्यावर दोन खोल्या रिकाम्या आहेत, पुढे अंगण आहे, हाताशी सहा लाख रुपये आहेत. येत्या जूनमध्ये अडीच ते सहा वयाच्या मुलांसाठी बालघर सुरू करायचंय. पहिल्या वर्षी पस्तीस मुलं आली तर खर्च भागेल असा हिशेब आहे, आणि ती कशी मिळवायची हे तुम्ही विचारलंय. शिवाय एक फ्रँचायझीवाले मागे लागलेत. शेवटी तुमच्या चार वर्षांच्या मुलीबद्दल एक ओळ आहे, तिच्याकडे मी शेवटीच येते.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावात एकोणीस वर्षं बालघर चालवते. आज दोन वर्गांत मिळून अठ्ठावन्न मुलं आहेत. पहिल्या वर्षी नऊ होती. त्यामुळे मी सांगते ते लहान गावातल्या, स्वतःच्या पैशावर उभ्या केलेल्या कामाचं आहे. शहरात भाड्याची जागा असेल किंवा मागे एखादी जुनी संस्था असेल, तर यातला पैशाचा भाग लागू पडणार नाही. मुलांबद्दलचा भाग मात्र सगळीकडे तोच आहे असा माझा अनुभव आहे.

पस्तीस मुलं मिळतील की नाही ही तुमची काळजी आहे. मला काळजी वाटते ती मिळतील याची. तालुक्याच्या गावी स्वच्छ जागा आणि मायेनं बोलणारी ताई असली की मुलं येतात. पण ती जूनच्या पहिल्या आठवड्यात एकदम आली, तर दिवाळीपर्यंत तुमच्या बालघराची चारचौघांसारखी बालवाडी झालेली असेल, तुमची कितीही इच्छा नसली तरी.

असं का होतं ते सांगते. माँटेसरी वर्गात वेगवेगळ्या वयाची मुलं एकत्र असतात आणि रॅकवरचं साधन घेऊन प्रत्येक मूल आपलं काम आपण निवडतं. पुण्यातल्या ज्या वर्गात तुम्ही काम केलंत तो वर्ग तुम्हाला तयार मिळाला होता. तिथे जूनमध्ये तीन वर्षांचं नवं मूल आलं की आजूबाजूला वीस मुलं चटई अंथरत, गुंडाळत, साधन दोन्ही हातांनी धरून आणत, काम झालं की जागेवर ठेवत असतात. नवं मूल आठवडाभर नुसतं बघतं आणि मग तसंच करतं. ताई त्याला फार थोडं शिकवते, बाकीचं वर्ग शिकवतो. दूध कितीही चांगलं असलं तरी विरजणाशिवाय दही लागत नाही, तसं आहे हे. नव्या शाळेत हे विरजण नसतं. पस्तीसच्या पस्तीस मुलांना पाणी सांडलं तर फडकं कुठे आहे ते माहीत नसतं, दहा आईसाठी रडत असतात, सहा जणांना एकाच वेळी शू लागते आणि तुम्ही दोघीतिघी असता. अशा वेळी कुठलीही शहाणी बाई मुलांना गोल बसवेल, गाणं म्हणेल, खडू वाटेल. त्या क्षणी ते बरोबरच असतं. पण असे तीन महिने गेले की मुलांना कळतं, इथे ताई सांगेल ते करायचं. मग रॅकवरची साधनं शोभेची होतात.

कोणी म्हणेल की रोममधलं पहिलं बालघर 6 जानेवारी 1907 ला सान लोरेन्झो वस्तीत पन्नासेक मुलांनिशी सुरू झालं होतं, आणि तिथली ताई तर प्रशिक्षितही नव्हती. खरं आहे. पण ती मुलं त्याच इमारतीत राहणारी होती, आणि मागे मारिया माँटेसरी ही डॉक्टर बाई होती, जिला निकालाची घाई नव्हती, फक्त बघायचं होतं. तुम्हाला जूनमध्ये फी घ्यायची आहे आणि सप्टेंबरमध्ये पालकसभा आहे.

माझ्याकडून ही चूक झाली ती दुसऱ्या वर्षी. ऑगस्टमध्ये गावातली एक शाळा अचानक बंद पडली आणि साडेचार ते साडेपाच वयाची अकरा मुलं एका आठवड्यात माझ्या दारात आली. पालक हात जोडत होते, मलाही फीची गरज होती. मी अकराही घेतली. तेव्हा माझ्याकडे चौदा मुलं होती, बहुतेक तीन-साडेतीन वर्षांची, नुकती कुठे रुळलेली. नवी मुलं दोन वर्षं पाटी घेऊन रांगेत बसलेली होती. ती दर दोन मिनिटांनी विचारायची, 'ताई, आता काय करू? ताई, हे बरोबर आहे?' मी निवडायला सांगितलं की गोंधळायची. मग लांबी ओळखायला असलेल्या लाल दांड्यांच्या तलवारी झाल्या, भोकांत नेमके बसवायचे लाकडी दट्टे गाड्या झाले. त्यांचा काही दोष नव्हता, इतकी मोकळीक त्यांना कधी मिळालीच नव्हती. पण माझी चौदा लहान मुलं आपलं काम टाकून त्यांच्याकडे बघत राहायला लागली. दिवाळीनंतर मी अर्धी साधनं कपाटात ठेवली आणि मोकळ्या कामाचा वेळ तीन तासांवरून पाऊण तासावर आणला. माझी सहायक ताई त्या जानेवारीत सोडून गेली. जूनमध्ये त्या अकरांपैकी बहुतेक मुलं पहिलीला गेली, आणि माझा वर्ग पुन्हा मूळ पदावर यायला पुढचं सबंध वर्ष गेलं. त्या मुलांनाही मी फारसं काही देऊ शकले नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

तेव्हापासून माझा नियम ठरला. नव्या प्रवेशांतली बहुतेक मुलं साडेतीन वर्षांच्या आतली. चार वर्षांच्या वरची वर्षाला दोन, फार तर तीन, आणि तीही वेगवेगळ्या महिन्यांत.

मग तुमचं पहिलं वर्ष कसं असावं? दहा ते बारा मुलं. त्यातली नऊ-दहा अडीच ते साडेतीन वयाची, दोन चारच्या आसपासची. आणि हीसुद्धा एका दिवशी घेऊ नका. पहिल्या आठवड्यात तीन, दुसऱ्यात तीन, असं करत जुलैच्या मध्यापर्यंत बारा. पालकांना हे आधी नीट सांगा. 'तुमच्या मुलाचा पहिला दिवस 26 जूनला आहे, कारण त्या दिवशी मला त्याच्याकडे लक्ष द्यायचंय,' असं सांगितलं की कोणी रागावत नाही, उलट विश्वास बसतो.

सुरुवातीचे दोन महिने रॅकवर फार थोडं ठेवा. इंद्रियशिक्षणाच्या साधनांपेक्षा घरातली कामं जास्त. एका वाटीतून दुसऱ्या वाटीत राजमा ओतणं, मग पाणी ओतणं, वाटाण्याच्या शेंगा सोलणं, लहान खलबत्त्यात दाण्याचा कूट करणं, लिंबू पिळून सरबत करणं, रुमालाच्या घड्या, ताटली पुसणं, नाडी बांधणं, हुक आणि बटणं लावणं, सुपलीनं अंगणातली पानं गोळा करणं. पुण्यातल्या वर्गात ही कामं ट्रेमध्ये रेडीमेड असतात. तुमच्या अंगणात ती खरी असतील, पानं खरंच पडलेली असतील आणि सरबत खरंच प्यायचं असेल. गावात शाळा काढण्याचा हा मोठा फायदा आहे, तो सोडू नका.

दुसऱ्या वर्षी आठ नवी मुलं, तिसऱ्या वर्षी आणखी आठ. अठ्ठावीस झाली की खोली भरली. तेव्हा पहिल्यांदा तुमच्याकडे तीन, चार आणि पाच अशी तिन्ही वयं एकत्र असतील, आणि ती तुमच्याच हाताखाली वाढलेली असतील. माझ्याकडे पहिल्या वर्षी आलेली एक मुलगी दोन वर्षं आठ महिन्यांची होती. सबंध जुलै तिनं माझा पदर सोडला नव्हता. तिसऱ्या जूनमध्ये एक नवा मुलगा दारातच बसून रडत होता. मी उठणार तेवढ्यात ही गेली, त्याच्याशेजारी चटई अंथरली, राजम्याचा ट्रे आणला आणि त्याला न बोलवताच ओतायला लागली. पाच मिनिटांनी त्याचं रडणं थांबलं, दहा मिनिटांनी ट्रे त्याच्याकडे होता. माझं बालघर त्या दिवशी सुरू झालं असं मी मानते. त्याआधीची दोन वर्षं तयारीची होती.

आता पैसे, कारण पस्तीसचा आकडा तिथूनच आला आहे. उदाहरणादाखल वर्षाला 24,000 फी धरू. बारा मुलांचे 2,88,000 होतात. सहायक ताईंना महिना 9,000 आणि अर्धवेळ मावशींना 6,000 धरले तर वर्षाचे 1,80,000. वीज, साबण-फिनेल, कागद, धान्य, किरकोळ दुरुस्ती महिना 4,000, म्हणजे 48,000. तुमच्यासाठी उरतात 60,000, महिन्याला 5,000. दुसऱ्या वर्षी वीस मुलं झाली तर 4,80,000 येतील. पगार वाढवून महिना 18,000 आणि इतर खर्च 5,000 धरला तरी तुम्हाला महिना 17,000 सुटतात. तिसऱ्या वर्षी अठ्ठावीस मुलांचे 6,72,000. दुसरी सहायक घेऊन पगार 28,500 वर गेले आणि इतर खर्च 6,000 झाला, तरी महिना 21,500 उरतात. जागा स्वतःची आहे म्हणून हे जमतं. भाडं असतं तर वीस मुलांच्या खाली गणित बसलं नसतं.

म्हणून सहा लाखांची विभागणी मी अशी करेन. साधनांसाठी अडीच, मुलांच्या उंचीचे संडास-बेसिन, फरशी आणि रॅक यांसाठी एक, आणि उरलेले अडीच लाख पहिल्या दोन वर्षांच्या घरखर्चासाठी बाजूला. भिंतीवर कार्टून रंगवण्यात आणि घसरगुंडीत पैसे घालू नका. या घरात दुसरी मिळकत अजिबात नसेल, तर मात्र मी एक वर्ष थांबायला सांगेन. पहिल्याच वर्षी घर चालवायचा ताण असला की अकरा मुलं दारात आल्यावर 'नाही' म्हणता येत नाही. मला म्हणता आलं नव्हतं.

साधनांबद्दल दोन गोष्टी. मापाची साधनं विकतच घ्या आणि चांगली घ्या. गुलाबी मनोऱ्याचे दहा ठोकळे 1 सेंटीमीटरपासून 10 सेंटीमीटरपर्यंत एकेका सेंटीमीटरनं वाढतात. एखादा ठोकळा दोन-तीन मिलिमीटरनं चुकला की चूक मुलाला स्वतः दिसत नाही, मग ते ताईच्या तोंडाकडे बघतं, आणि साधनाचा सगळा हेतूच जातो. गावातल्या सुतारकाकांकडून लाल दांडे करून घेण्याचा मोह मलाही झाला होता, ते दोन पावसाळ्यांत वाकले. रॅक, चौरंग, ट्रे, बटणांच्या चौकटी हे मात्र त्यांच्याकडूनच करून घ्या. रॅक उघडे आणि इतके बुटके हवेत की तीन वर्षांच्या मुलाला वरच्या फळीवरचं दिसेल. पहिल्या वर्षी पूर्ण संच लागत नाही. दशक, शतक, हजार समजण्यासाठी असलेलं सोनेरी मण्यांचं मोठं साहित्य साडेचार वर्षांच्या मुलाला लागतं, आणि तसं मूल तुमच्याकडे दुसऱ्या वर्षी असेल.

बाकीच्यासाठी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी बालशिक्षणात केलेलं काम डोळ्यांसमोर ठेवा. ताराबाईंनी गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला, 1945 मध्ये बोर्डीला आणि 1957 मध्ये डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर काम नेलं. तिथे शिंपले, गोटे, बिया, पानं हेच मोजायचं, लावायचं, निवडायचं साहित्य होतं. महाग साधनांवाचून मुलं शिकतात हे त्यांनी आदिवासी पाड्यांत दाखवून दिलं. कुठे विकतचं साधन हवं आणि कुठे ओंजळभर चिंचोके पुरतात, हे ओळखणं तुमच्या कामाचा मोठा भाग असेल.

भाषेच्या साधनांवर मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण याबद्दल आपल्याकडे कोणी फारसं सांगत नाही. बोट फिरवून गिरवायची पॉलिश पेपरची अक्षरं आणि शब्द मांडायची सुटी अक्षरं देवनागरीत विकत मिळतात, पण संच घेण्याआधी उघडून बघा. बरेच संच हिंदीसाठी केलेले असतात. त्यात 'ळ' नसतो, 'ल' आणि 'श' वेगळ्या वळणाचे असतात. 'ळ' नसलेल्या पेटीतून मूल बाळ, फळ, केळं, शाळा कसं लिहिणार? मी शेवटी अक्षरं स्वतः कापली. जाड पुठ्ठ्याची, अक्षरं निळी आणि काना-मात्रा-वेलांट्या लाल.

क्रमही आपला आपण ठरवावा लागतो. आधी बिनकान्याचे शब्द: घर, नळ, बदक, मगर, कमळ. मग काना. मग दुसरी वेलांटी, कारण ती अक्षरानंतर येते आणि मूल 'क' नंतर 'ई' ऐकतं त्याच क्रमानं मांडता येते. पहिली वेलांटी मी खूप उशिरा आणते. 'किती' म्हणताना कान आधी 'क' ऐकतो, पण हाताला आधी वेलांटी ठेवावी लागते. चार वर्षांच्या मुलाच्या दृष्टीनं हा मोठा पेच आहे. ते वेलांटी 'क' च्या उजवीकडे ठेवतं, आणि ते चुकत नसतं, जे ऐकलं तेच मांडत असतं. त्या वेळी दुरुस्त करायला जाऊ नका. जोडाक्षरं सगळ्यांत शेवटी, आणि वेगळ्या पेटीत.

आकड्यांचंही तसंच. 'तेवीस' म्हणताना आधी तीन येतात, लिहिताना आधी दोन. एकोणतीस तर तिसातून एक उणे करून तयार झालेला शब्द. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस तीन' असं वाचन आलं तेव्हा बराच वाद झाला होता. माझ्या वर्गात हा प्रश्न मणी सोडवतात. मूल दहाच्या दोन दांड्या आणि तीन सुटे मणी हातात घेतं, काही आठवडे 'दोन दशक तीन' म्हणतं, आणि शेजारचं मोठं मूल त्याला सांगतं, 'याला तेवीस म्हणतात.' दोन्ही शब्द सुखानं नांदतात.

इंग्रजीचं थोडक्यात सांगते. वर्गाची भाषा मराठी ठेवा आणि तसं पहिल्या भेटीतच सांगा. इंग्रजी गाणी, गोष्टी, वस्तूंची नावं रोज थोडा वेळ असू देत. 'इंग्लिश मीडियम' असा फलक लावून आत मराठी बोलणं हे मात्र करू नका.

आता पालक. तुमची खरी परीक्षा प्रवेशाच्या वेळी नसून दुसऱ्या वर्षाच्या मार्चमध्ये आहे. मूल साडेचार-पाचचं झालं की पालकांना वाटतं, मोठ्या शाळेच्या सीनियर केजीत जागा धरली नाही तर पहिलीला मिळणार नाही. आणि ते मूल काढून नेतात. म्हणजे ज्या मुलानं तिसऱ्या वर्षी वर्ग सांभाळायचा, तेच निघून जातं, आणि तुम्ही दर जूनला पुन्हा पहिल्या वर्षावर येता. कितीतरी चांगली बालघरं याच कारणानं साधी प्लेग्रुप होऊन राहिलेली मी पाहिली आहेत.

यावर मी काय करते ते सांगते. प्रवेशाआधी आई आणि वडील दोघांनीही चालू वर्गात अर्धा तास भिंतीलगत छोट्या खुर्चीवर गप्प बसायचं, हा नियम आहे. आजी-आजोबा आले तर अधिकच चांगलं, घरातला निर्णय पुष्कळदा त्यांचा असतो. पहिल्या वर्षी तुमच्याकडे चालू वर्ग नसेल, तेव्हा त्यांना साधनांसमोर बसवा आणि दट्टे डोळे मिटून बसवायला सांगा. दुसरं, 'हे तीन वर्षांचं शिक्षण आहे' हे वाक्य फॉर्मवर लिहा आणि तोंडानंही सांगा. तिसरं, आणि हे सगळ्यांत उपयोगी पडलं: गावातल्या प्राथमिक शाळांच्या मुख्याध्यापकांना स्वतः जाऊन भेटा. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय आणि पहिलीचं वय सहा वर्षांचं आहे. तुमच्याकडून सहा वर्षांचं मूल थेट पहिलीला घेतील का, हे विचारा. दोन मुख्याध्यापक 'हो' म्हणाले की पालकांना सांगायला तुमच्याकडे भक्कम उत्तर असतं. मी त्यांना मुलांनी लिहिलेले कागद तारखेसकट दाखवले होते.

तरीही काही जातील. माझ्या पहिल्या नवांपैकी चार दुसऱ्या वर्षाच्या शेवटी गेली. आता दहांत एखादं जातं. ज्यांना जायचंय त्यांना प्रेमानं निरोप द्या, विनवण्या करू नका.

सहायक ताई निवडताना पदवी बघू नका. डी.एड. झालेल्या बाईंना अनेकदा फळ्यापासून दूर उभं राहणं जमत नाही. मी बारावी झालेल्या, हळू बोलणाऱ्या, हातानं नीटनेटकं काम करणाऱ्या बायका घेतल्या. पहिला महिना त्यांचं एकच काम असतं. कोपऱ्यात बसून एका मुलानं काय केलं ते वहीत लिहायचं, मुलाला हात न लावता. 'दंगा केला' असं लिहिलं की मी विचारते, 'म्हणजे नक्की काय केलं?' महिन्याभरात डोळा तयार होतो. आणि त्यांना मे महिन्याचाही पगार द्या. माझी पहिली ताई गेली त्याला वर्गातल्या गोंधळाइतकंच हेही कारण होतं, की मी दहा महिन्यांचाच पगार देत होते.

कायद्याचं जेवढं खात्रीचं आहे तेवढंच सांगते. 2009 चा शिक्षण हक्क कायदा सहा वर्षांपासून पुढच्या मुलांसाठी आहे, त्यामुळे तीन ते सहा वयोगटाला पहिलीसारखी मान्यता आजवर लागत नव्हती. पण पूर्वप्राथमिकचे नियम बदलताहेत, म्हणून पंचायत समितीच्या शिक्षण विभागात जाऊन काय नोंदणी लागते ते लेखी विचारा. नगरपरिषदेत घराच्या वापराबद्दल विचारा. अग्निशामक सिलिंडर बसवा, सगळ्या मोठ्या माणसांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्या, रिक्षाकाकांचीसुद्धा. सुरुवात स्वतःच्या नावावर करायची की सात जणांची संस्था काढून धर्मादाय कार्यालयात नोंदवायची, हे तुमच्या पुढच्या बेतावर अवलंबून आहे. देणग्या घ्यायच्या असतील किंवा पुढे शाळा वाढवायची असेल तर संस्था हवीच.

फ्रँचायझीबद्दल. 'माँटेसरी' हे नाव कोणाच्या मालकीचं नाही. अमेरिकेत 1967 मध्येच ते सर्वसाधारण नाव ठरलं, आणि आपल्याकडे तर 'माँटेसरीत जातो' म्हणजे बालवाडीत जातो असाच अर्थ कधीचा रूढ आहे. तेव्हा फलकावरच्या नावासाठी पैसे देण्याचं कारण नाही. त्यांच्या करारात फक्त एक गोष्ट शोधा. नर्सरी, ज्युनिअर आणि सीनियर असे वयाप्रमाणे वेगळे वर्ग आणि सक्तीची वर्कशीट असतील, तर तुम्ही शिकलात ते काम तिथे करताच येणार नाही. ते पन्नास मुलं खरंच आणून देतील, आणि त्याचं काय होतं ते वर लिहिलंच आहे.

अठ्ठावीस झाल्यावर पुढे? दारात रांग लागली तरी त्याच खोलीत पस्तीस करू नका. दुसरा वर्ग काढा, पण तुमच्या तोडीची एक प्रशिक्षित ताई मिळाल्यावरच. आम्ही सातव्या वर्षी काढला. जुन्या वर्गातली सहा मुलं, प्रत्येक वयाची दोन-दोन, त्यांच्या पालकांशी बोलून नव्या वर्गात पाठवली. तेच त्या वर्गाचं विरजण. बाकीची नवी मुलं तिथेही हळूहळूच घेतली.

पहिली ते चौथी सुरू करा असा पालकांचा आग्रह तुम्हालाही होईल, तिसऱ्या वर्षापासूनच. सहा ते बारा वयाचं शिक्षण हे वेगळंच काम आहे. खुद्द माँटेसरीबाईंचा त्याबद्दलचा विचार पक्व झाला तो भारतात, 1942 ते 1944 या काळात कोडाईकनालला, म्हणजे पहिल्या बालघरानंतर पस्तीस वर्षांनी. आपल्याला निदान सहा-सात वर्षं तरी घ्यायला हरकत नाही. शिवाय पहिली आली की 2012 चा स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा, जागेचे निकष, पंचवीस टक्के राखीव प्रवेश हे सगळं येतं. मी ते केलं नाही. माझी शक्ती अठ्ठावन्न मुलांना पुरते, त्याहून जास्त नाही, आणि गावात दोन बऱ्या प्राथमिक शाळा आहेत. तुमच्या गावात एकही नसेल तर तुमचं उत्तर वेगळं असू शकेल.

म्हणजे या जूनपुरतं बोलायचं तर: बारा मुलं, बहुतेक अडीच ते साडेतीन वयाची, आठवड्याला तीन अशा बेतानं. अर्धीच साधनं विकत. एक सहायक, एक मावशी, बारा महिने पगार. दोन मुख्याध्यापकांची भेट जूनच्या आधी.

आणि तुमची मुलगी. तिला त्याच वर्गात घ्यावं का, असं विचारलंत. चारच्या आसपासची दोन मुलं घ्या असं मी म्हटलं, त्यातली एक ती असू दे. माझा मुलगा माझ्याच वर्गात होता. पहिले दोन महिने मी दुसऱ्या मुलाजवळ बसले की तो मध्ये येऊन माझ्या मांडीवर बसायचा. मी त्याला 'इथे ताई म्हण' असं कधी सांगितलं नाही, आई ती आईच. पण त्याला नवीन साधन दाखवायचं काम सहायक ताईंकडे दिलं आणि मी त्या वेळी खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसायची. शाळा सुटल्यावर आवराआवर मावशींवर सोपवून रोज अर्धा तास आम्ही दोघंच अंगणात बसत असू, शाळेचं काहीही न बोलता. गणपतीच्या सुट्टीनंतर एका सकाळी तो आत आला, माझ्याकडे न बघता चटई घेतली आणि मनोऱ्याकडे गेला. तुमच्या मुलीला कदाचित जास्त वेळ लागेल, कदाचित कमी. तो अर्धा तास मात्र तिच्यासाठी नक्की राखून ठेवा.